साट्यालोट्यातला गोलकीपर

आमच्या घरमालकांनी आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. सोयरिकी जुळवल्या आणि फुटबॉल बघितला. ही दोन कामं वेगळी आहेत, हे त्यांना कुणीही पटवून देऊ शकलं नाही. मी त्यांच्याकडे भाड्याने राहिले तेवढी वर्षं प्रयत्न करून बघितला आणि शेवटी मीच त्यांच्यासारखं बोलायला लागले. अजूनही एखादा खेळाडू या क्लबातून त्या क्लबात गेल्याची बातमी आली, की स्टाफरूममध्ये माझ्या तोंडून पटकन निघतं, "बरं झालं, पोरगं मार्गी लागलं." लोक माझ्याकडे बघतात. बघू देत.

माझी नोकरी तेव्हा सोनपेठच्या शाळेत होती. खोली बघायला गेले त्या दिवशी मालक ओट्यावर अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसले होते. पांढरा पायजमा, पांढरा नेहरू शर्ट आणि शर्टाच्या गळ्यातून डोकावणारं काहीतरी लालभडक. मला वाटलं बनियन असेल. ती परदेशातल्या एका मोठ्या क्लबाची जर्सी होती. परभणीच्या बाजारातून आणलेली, आणि सामना असो नसो, लग्नाची बैठक असो की मयत, ती आत असायचीच.

"कुठल्या तुमी?" त्यांनी विचारलं.

"परभणीची."

"रागीट हाय का?"

"आहे," मी म्हणाले. खोटं कशाला बोला.

"मग ऱ्हावा. गोड बोलणारी माणसं लय लवकर खोली सोडत्यात."

माझ्या खोलीची खिडकी थेट ओट्यावर उघडायची, आणि ओटा म्हणजे गावातल्या फुटबॉलवाल्यांचा अड्डा. बैठकीतला टीव्ही मालकांनी ओट्याकडे तोंड करून ठेवला होता. परदेशातले सामने अवेळी व्हायचे, पण त्यांची चिरफाड दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर होत असे. तेव्हा टीव्हीवर तोच सामना परत लागायचा, आणि तोही आवाज बंद करून. मी एकदा न राहवून कारण विचारलं. मालक म्हणाले, "ती मागनं बोलणारी माणसं दुसऱ्याच्या घरातलं बोलत्यात, बाई. हा थकला, त्याचं जमंना. आपुन कामून ऐकायचं?"

मालक कुठल्याच क्लबाचं नाव घेत नसत. त्यांचा तो 'आपला' आणि समोरच्या बाबूभाईंचा तो 'निळा'. बाबूभाईंचं गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंगचं दुकान होतं. दोघं लहानपणापासूनचे दोस्त, आणि माझ्या माहितीप्रमाणे लहानपणापासून भांडत आलेले. खेळाडूंनाही मालकांनी आपली नावं ठेवलेली होती. लांब्या, शेंडीवाला, रडका. नवा खेळाडू दिसला की पहिला प्रश्न ठरलेला, "ह्याचे आईबाप काय करत्यात?" मग खिडकीवर टकटक व्हायची आणि मी पेपर तपासायचे सोडून मोबाईलवर कुठल्यातरी दूरदेशीच्या पोराचे आईबाप शोधत बसायची. बाप ड्रायव्हर आहे म्हटलं की मालकांचा चेहरा खुलायचा. सापडले नाहीत तर म्हणायचे, "बघा परत. कुणीतरी असंल की लेकराला."

'ट्रान्सफर' हा शब्द त्यांच्या ओट्यावर चालत नव्हता. क्लब बदलणं म्हणजे सोयरीक. खेळाडू नवी जर्सी हातात धरून फोटो काढतो तो आहेर. काही महिन्यांसाठी दुसरीकडे खेळायला पाठवलेला खेळाडू म्हणजे माहेरपणाला गेलेला. आणि बाकावर बसवून ठेवलेला कुणी दिसला, की मालक अडकित्ता बाजूला ठेवायचे. "बघा, नांदवीना झालेत त्याला," असं म्हणून त्यांचा खरंच जीव कळवळायचा. पुढचा गोल कुणी केला हेही मग त्यांना दिसत नसे.

एका वर्षी बातमी आली, की आपला क्लब लांब्याला निळ्याला देणार आणि बदल्यात निळ्याचा गोलकीपर घेणार. ओट्यावर नुसता गदारोळ. हे तर सरळसरळ साटंलोटं होतं. आमच्या भागात आपली मुलगी त्या घरात द्यायची आणि त्यांची आपल्या घरात करून घ्यायची, याला साटंलोटं म्हणतात. घेणं-देणं फिटतं, मांडव एकच पडतो, म्हणून लोकांना ते सोपं वाटतं.

बाबूभाई खुशीत होते. "देखो मालक, तुमचा लांब्या आमच्याकडं चमकंल. तुमच्यापाशी नुसता सडायलाय."

"चमकायचं मला नगं सांगू. घेऊन जायाला सगळेच येत्यात. नांदवणार कोण?"

मला राहवलं नाही. खिडकीतून म्हणाले, "अहो मालक, व्यावसायिक खेळाडू आहेत ते. लेखी करार असतो."

"करार लग्नातबी असतोय, बाई. भटजी इचारतो, आपुन हो म्हणतो. म्हणून समद्या नांदत्यात का?"

मी खिडकी आपटून लावून घेतली.

ते साटंलोटं पुढे फिसकटलं तेव्हा सुटकेचा सगळ्यात मोठा सुस्कारा मालकांनीच टाकला. मला नवल वाटलं. अर्ध्या तालुक्याच्या सोयरिकी जुळवणारा हा माणूस. काळ्या मुली, बुटके मुलगे, तोंडाळ सासवा, सगळ्यांना त्यांनी मार्गी लावलं होतं. पण साटंलोटं त्यांनी जन्मात एकही केलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "लय वंगाळ," आणि सुपारी तोंडात टाकायचे. सुपारी तोंडात गेली की विषय संपला.

आता गावच्या क्लबाचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथलीच आहे. आठवडी बाजार भरतो त्या मैदानावर सोनपेठची पोरं खेळायची. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आधी कोबीचा पाला आणि सडके टमाटे गोळा करायचे, मग खेळायचं. मालक या क्लबाचे अध्यक्ष. त्यांना कुणी निवडलेलं नव्हतं, पण त्यांच्याशिवाय पानही हलत नव्हतं. आणि क्लबाचा जीव म्हणजे गजा. पुढे खेळायचा. बॉल त्याच्या पायात गेला, की मला, जिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तिलाही उभं राहावंसं वाटायचं.

पण गजाचं घर ऊसतोडीवर जाणारं. दिवाळी झाली की गावात गाड्या यायच्या आणि गजा आईबापाबरोबर फडावर निघून जायचा. जिल्ह्याची स्पर्धा नेमकी दिवाळीनंतर रंगात यायची. दरवर्षी सोनपेठ सुरुवातीला सगळ्यांना धूळ चारायचं आणि गजा गेला, की हरून घरी यायचं. त्याचं शिक्षण असंच अर्ध्यात सुटलं होतं. आता खेळही तसाच सुटायची पाळी आली होती.

त्या पावसाळ्यात राणीसावरगावच्या क्लबाचा निरोप आला. त्यांच्या क्लबाचे प्रमुख डाळमिलचे मालक. गजा आम्हाला द्या, म्हणाले, मिलमध्ये बारा महिने काम देतो, राहायला खोली देतो, उसाला जायची गरज नाही. आणि तुमच्याकडे गोलकीपर नाही हे आम्हाला ठाऊक आहे, तर बदल्यात आमचा अल्ताफ घ्या. गोलकीपर नाही हे खरंच होतं. आमचा जो होता, तो बॉल आला की बाजूला सरकायचा.

पुन्हा साटंलोटं, आणि या वेळी घरातलंच. आठ-दहा दिवस ओट्यावर दुसरा विषय नव्हता. बाबूभाई म्हणायचे, "गजा गया तो टीम खतम. आपण काय टाळ्या वाजवायला जायचं?" दुसरे म्हणायचे, नाहीतरी गजा दिवाळीनंतर नसतोच, गोलकीपर तरी बारमाही मिळेल. कुणी म्हणे राणीसावरगाववाले लबाड, कुणी म्हणे अल्ताफचे हात लांब आहेत. मालक नुसती सुपारी कातरायचे, खायचे मात्र नाहीत.

शेवटी माझं डोकं फिरलं. खिडकीतून म्हणाले, "तुमच्यापैकी गजाला कुणी विचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. मालकांनी गजाला बोलावून घेतलं. तो आला आणि ओट्याच्या पायरीवर खाली मान घालून बसला.

"तुपलं काय म्हणणं हाय?" मालकांनी विचारलं.

"मला ऊस तोडायचा न्हाई," गजा म्हणाला. फुटबॉलचं त्याने नावही काढलं नाही.

मालक उठले. "ठीक हाय. घर बघून येऊ."

घर बघायला मालक, मालकीणबाई आणि मी, असे तिघं गेलो. फुटबॉलच्या व्यवहाराला बायका कशाला, म्हणून गावभर हसू झालं. मालक म्हणाले, "गड्यांना नुसती बैठक दिसती. चूल बायांनाच दिसती." एस.टी.ने गंगाखेड, तिथून गाडी बदलून राणीसावरगाव. मिलमालकांना वाटलं होतं क्लबाची माणसं येतील, चहा पितील आणि जातील. आम्ही गेलो ते थेट मागच्या खोल्यांकडे. मालकीणबाईंनी मिलच्या कामगारांचा स्वयंपाक होतो ती जागा बघितली, डाळीच्या पातेल्यात पळी घालून हलवून बघितली आणि पसंतीची मान डोलावली. मी न्हाणीला आतून कडी आहे का ते बघितलं.

मग बैठकीत बसलो. मीच विचारलं, "खेळताना गजाचा पाय मोडला तर? कामावर ठेवाल का?"

मिलमालक हसले. "ते तवाचं तवा बघू की, बाई."

मालकांनी कप खाली ठेवला. "बघू न्हाई. आत्ता सांगा. पाय मोडला, खेळ संपला, तरी काम ऱ्हाईल का?"

"आन् आमच्या अल्ताफचं काय?"

"तो माझ्या घरात ऱ्हाईल. हात मोडला तरी ऱ्हाईल."

मिलमालकांनी जरा विचार केला. माणूस वाईट नव्हता, फक्त असं कुणी विचारेल याची त्यांना कल्पना नव्हती. "मग आमचंबी तेच," ते म्हणाले. मालकांनी तिथेच टेबलावर सुपारी फोडली. उठता उठता मिलमालक हसत म्हणाले, "पर ध्येनात ठेवा, तुमी आमचा परत धाडला, तर तुमचाबी त्याच गाडीनं येईल." सगळे हसले. मालक हसले नाहीत.

येताना गाडीत मालक पुढे बसून कंडक्टरच्या पुतण्याची सोयरीक जुळवत होते. मागे मालकीणबाई मला म्हणाल्या, "हे कामून घाबरायलेत, ठावं हाय का तुमाला? आमचं साटंलोटंच हाय."

मी सरकून त्यांच्याजवळ बसले.

"मी ह्यांना, आन् ह्यांची बहीण मपल्या भावाला. भावाचं अन् तिचं पटलं न्हाई. त्यानं तिला माहेरी धाडलं. ती आली त्याच हप्त्यात सासऱ्यानं मला मपल्या माहेरी धाडलं. आमच्यात भांडण न्हाई, तंटा न्हाई. तिकडून एक आली म्हणून हिकडून एक गेली. दोन उन्हाळे काढले माहेरी. मग हे एकटेच आले न्यायला, बापाला न इचारता. सासरा वरीसभर ह्यांच्याशी बोलला न्हाई."

"आणि त्यांची बहीण?"

"तिला कुणी न्यायला आलं न्हाई. ती हितंच ऱ्हायली अन् हितंच गेली." मालकीणबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुमी ऱ्हाता ती खोली तिचीच."

त्यानंतर मालकांवर खिडकी आपटायची माझी हिंमत झाली नाही.

गजा गेला आणि अल्ताफ आला. उंच, लाजरा, जेवताना भाकरी मागायलाही संकोचणारा. मालकीणबाईंनी तो संकोच आठवड्याभरात मोडून काढला. माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा आणि दिवसा बाबूभाईंच्या दुकानात काम करायचा. पहिल्या दोन-तीन सामन्यांत त्याने असे बॉल अडवले, की विरोध करणारेच त्याला खांद्यावर घेऊन आले. बाबूभाई तर 'आमचा अल्ताफ' म्हणायला लागले.

मग सरावात त्याच्या उजव्या हाताचं बोट मोडलं. जोडलं, पण आधीसारखं झालं नाही. जोराचा बॉल आला की हात आपोआप मागे यायचा. सोपे सोपे गोल व्हायला लागले. खांद्यावर घेणाऱ्यांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं. दिवाळी झाली, ऊसतोडीच्या गाड्या भरून गेल्या, गजाचे आईबाप गेले. गजा गेला नाही. राणीसावरगावकडून खेळत राहिला आणि गोलांवर गोल मारत राहिला. आमचीही पोरं जिवाच्या आकांतानं खेळली आणि कसंबसं फायनलला पोचली. समोर राणीसावरगावच.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी ओटा माणसांनी भरला. सगळ्यांचं एकच म्हणणं. अल्ताफला परत धाडा, गजाला परत आणा. आमच्याकडच्या स्पर्धेत नियम-बियम कुणी बघत नाही, सामन्याच्या सकाळपर्यंत नाव बदललं तरी चालून जातं. आणि सौदा तर मिलमालकांनीच बोलून ठेवलेला, एक परत तर दुसरा परत.

बाबूभाई म्हणाले, "मालक, एक मॅच के वास्ते. मैं हात जोडता."

तेवढ्यात अल्ताफ बाहेर आला. त्याने पिशवी भरून आणली होती. "मैं जाता, मालक," तो म्हणाला. "मेरे वास्ते झगडा नक्को."

"पिशवी आत ठेव," मालक म्हणाले. मग ओट्याकडे वळले. "बोट मोडलं म्हणून परत धाडायचा? मग आपुन त्याला कशाला आणला, राबवायला? अन् हा उद्या सकाळी तिकडं पोचला की गजाला काढत्यात. त्याची खोली जाती, काम जातं. सामना खेळंल तो आपल्याकडून, कपबी आणंल. आन् परवा? परवा तुमी कप घेऊन नाचायलाव अन् गजा फडावर कोयता घेऊन. कोण ठिवणार हाय त्याला बारा महिने? बाबू, तू ठिवतो का?"

बाबूभाईंनी जोडलेले हात खाली घेतले. मागून कुणीतरी म्हणालं, "मालक, तुमी सोनपेठचे का राणीसावरगावचे?"

हे त्यांना लागलं. मी खिडकीतून बघत होते, त्यांचा हात आतल्या जर्सीपाशी, शर्टाच्या गुंडीशी गेला आणि तिथेच थांबला. मग म्हणाले, "मी मध्यस्थ हाय. दोन्हीकडचा. दोघंबी नांदले पायजेत."

ओटा माणसांनी भरलेला असताना मी तोवर कधी तिथे पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी दार उघडून बाहेर आले आणि त्या सगळ्या बाप्यांना जे सुनावलं, ते इथे लिहीत नाही. माझे दोन माजी विद्यार्थी त्यांत होते, ते आधी पळाले. बाकीचे हळूहळू गेले. मला त्या म्हाताऱ्याचा इतका अभिमान वाटत होता, की रागाने बोलताना माझा आवाज रडवेला होत होता.

फायनल गंगाखेडला झाली. अल्ताफ खेळला. चांगला खेळला, खोटं कशाला सांगू. डाव्या हातानं त्याने असे बॉल काढले, की बाबूभाई स्वतःच्याच नकळत टाळ्या वाजवत होते. शेवटी शेवटी गजाच्या पायात बॉल आला. आमचे दोन गडी त्याने मागे टाकले आणि अल्ताफच्या उजवीकडे जोरात मारला. अल्ताफचा हात पोचला होता. पण बोटांत धरण्याइतकी ताकद नव्हती.

सोनपेठ हरलं. आमच्याकडची माणसं मालकांकडे न बघता टेम्पोत जाऊन बसली. काही जण ऐकू जाईल असं बोललेही. मालक मैदानाच्या कडेला उभे होते. अल्ताफ त्यांच्याजवळ येऊन बसला तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "उद्या दुकानात जाऊ नगं. दोन दिस आराम कर."

पलीकडे राणीसावरगाववाले ढोल वाजवत होते. त्या घोळक्यातून गजा एकटाच सुटून आमच्याकडे आला. गळ्यात हार, अंगावर गुलाल. तो मालकांच्या पाया पडला आणि तसाच खाली बघत म्हणाला, "मालक, मी मुद्दाम त्याच्या दुखऱ्या हाताकडं मारला न्हाई. आईची शपथ."

"गोलाचं ऱ्हाऊ दे," मालक म्हणाले. "मला सांग, जेवायला येळंवर देत्यात का?"

"देत्यात."

"माझ्याकडं बघून सांग."

गजाने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. "देत्यात, मालक. गरम देत्यात."

"मग झालं," मालक म्हणाले. त्यांनी त्याच्या गळ्यातला हार सरळ केला. "जा आता. तुझी माणसं बोलवायलीत तुला."